आधी पाणंद, मग शीतगृह

टोमॅटोसाठी शीतगृह द्या, ही मागणी आमच्या जुन्नर तालुक्यात दर निवडणुकीला होते आणि दर वेळी टाळ्याही पडतात. मी टोमॅटो लावते, तोडते आणि नारायणगावच्या उपबाजारात नेऊन विकते. मला काही त्या टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. बटाटा ज्या गारव्यात महिनोन्महिने राहतो तिथं हिरवट टोमॅटो ठेवून बघा. बाहेर काढल्यावर तो रंग धरत नाही, सालीला खड्डे पडतात, चव पाणचट होते. दहा-बारा अंशांच्या खाली त्याला सोसतच नाही. नेमकं तापमान सांभाळलं तरी तो थोडे आठवडे थांबेल, हंगामभर नाही. भाव पडला की माल चाळीत दाबून ठेवायचा, हे कांद्याचं गणित इथं लागू पडत नाही.

खरी नासाडी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मजूर बायका येईपर्यंत ऊन वर आलेलं असतं. भरलेले क्रेट बांधावर उन्हात उभे राहतात. मिळालं तर वर गोणपाट, नाहीतर तेही नाही. दुपारी क्रेटच्या मध्यात हात घातला तर आतला माल चक्क गरम लागतो. जून-जुलैत पाणंदीत पिकअप शिरत नाही, म्हणून क्रेट ट्रॅक्टरवर घालून डांबरीपर्यंत न्यायचे. प्रत्येक खड्ड्याला तळचा थर चेपतो. त्यात क्रेट म्हणायला वीस किलोचा, पण त्यावर शीग हवी. वर दुसरा क्रेट चढला की शिगेतले टोमॅटो फुटतात, त्यांचं पाणी खालच्यांवर गळतं आणि दूरच्या बाजारात पोचेपर्यंत बुरशी धरते. रिकामे क्रेट परत येतात तेव्हा जाळीत मागच्या खेपेचा रस वाळून बसलेला असतो. नवा माल त्यातच भरायचा.

शेजारच्या द्राक्षबागेत मात्र घड कागदात बसतो, खोक्यात जातो आणि तोडल्यावर आधी त्याचं प्री-कूलिंग होतं. निर्यातीचा माल आहे ना तो!

२०१५ च्या सरकारी पाहणीत टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के निघाली, २०२२ च्या नाबकॉन्सच्या (नाबार्डच्या सल्लागार कंपनीच्या) पाहणीत ११.६१. एक टक्कासुद्धा कमी नाही. मधल्या काळात, २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात, टोमॅटो-कांदा-बटाट्यासाठी ५०० कोटींचं ‘ऑपरेशन ग्रीन्स’ आलं. २०२० मध्ये एक लाख कोटींचा कृषी पायाभूत सुविधा निधी आला, दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला तीन टक्के व्याजसवलतीचा. योजना वाईट नाहीत. पण पैसा उभ्या इमारतीकडे चटकन वळतो; धुतलेल्या क्रेटचं उद्घाटन कोण करणार?

शिवाय या पाहण्या तोडणीपासून पुढचं मोजतात. जे तोडलंच नाही, ते कुठेच धरलं जात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये भाव झाला, तेव्हा नाशिक-औरंगाबादकडे शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्याचे फोटो तरी छापून आले. अशा भावात तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही. मग प्लॉट सोडून द्यायचा आणि त्यात मेंढरं घालायची. त्याचा फोटो कोण काढतो? जुलै २०२३ मध्ये याच नारायणगावात क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा गोल्टी, म्हणजे बारका मालसुद्धा कुणी टाकला नाही. भाव असला की माल जिवापाड जपला जातो.

यावर लोक म्हणतात, पेस्टचा कारखाना काढा. जरूर काढा, पण उरलासुरला माल रिचवायची जागा म्हणून नको. आपले खायचे वाण रसाळ, पाणी जास्त. एक किलो घट्ट पेस्टला पाच-सहा किलो टोमॅटो लागतो, म्हणून कारखान्याला घट्ट गराचा वेगळा वाण लागतो, तोही ठरल्या दराने. त्यासाठी लागवडीआधी करार हवा, आणि बाजार चढला तरी तो पाळायची शेतकऱ्याची तयारी हवी. दोन हजारांचा क्रेट समोर दिसत असताना कारखान्याला माल कुणी घातला असता? मीही घातला नसता.

माझे दीर विचारतात, “वहिनी, क्रेट धुवायला माणूस लावला तर त्याची मजुरी कोण देणार?” प्रश्न रास्त आहे. मी धुतलेला क्रेट बाजारात दहा हातांतून फिरतो आणि परत येतो तो दुसऱ्याचाच, मळलेला. सड होणारच हे धरून व्यापारी भाव बोलतो, त्यात माझ्या एकटीच्या स्वच्छतेला किंमत नाही. एकट्याला न परवडणारं आणि सगळ्यांच्या फायद्याचं, अशा कामालाच तर सार्वजनिक पैसा लागतो.

म्हणून माझी यादी साधी आहे. बाजार समितीच्या सेसमधून आवारात क्रेट धुण्याची सोय. शीग बंद करून वजनावर विक्री. गावागावात, चार-पाच शेतकऱ्यांना पुरेल अशी तोडणीनंतरची सावलीची शेड, आणि शेतकरी कंपन्यांना पेलेल एवढी छोटी गार खोली. २०२१ पासून पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना आहे. त्यात भाजीपाल्याच्या पाणंदी आधी घ्याव्यात आणि कामं मे महिन्याच्या आत उरकावीत. पावसाळ्यात टाकलेला मुरूम आमच्या ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून पुन्हा डांबरीवर येतो.