धमनी म्हणजे ठिबकची नळी नव्हे

बीपी हा बसून खाणाऱ्यांचा आजार, कापूस वेचणाऱ्याला तो कुठून होणार? त्रास नाही, मग गोळी कशाला? आणि ब्लॉकेज होतं ते तेला-तुपानं. ठिबकच्या नळीत क्षार साचावा तशी चरबी साचते, त्यात दाबाचा काय दोष? यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव व्याख्यानं देणारे एक गृहस्थ हे इतक्या ठामपणे सांगतात, की आर्णी-घाटंजीकडची माणसं चालू गोळ्या सोडून देतात. याची चीड येते.

राबणाऱ्यालाही बीपीनं लकवा होतो, आणि दुखत नाही म्हणून नुकसान थांबत नाही. ते दोन मुद्दे इथंच संपले.

राहिली नळी. ठिबकची नळी निर्जीव असते. धमनीचं आतलं अस्तर जिवंत पेशींचं, तेही एकाच थराचं. वाहत्या रक्ताचं घर्षण आणि प्रत्येक ठोक्याचा ताण या पेशींना जाणवतो. प्रवाह नीट असला की त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि धमनी सैल राहते. या शोधाला 1998 साली नोबेल मिळालं. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि ते नायट्रिक ऑक्साइड संपवतात. अस्तर पाझरतं, रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. पेशींवर चिकट प्रथिनं उगवतात, पांढऱ्या पेशी त्यांना अडकून आत जातात आणि चरबी गिळून फुगतात. मधल्या थरातल्या स्नायूपेशीही वाढून आत सरकतात. चरबी लागतेच, पण तिची वाट दाब सोपी करतो.

पुरावा हवा? पायातल्या शिरेतून तेच रक्त, तेच कोलेस्टेरॉल वाहतं. तिथं असे थर धरत नाहीत. बायपासमध्ये तीच शीर काढून हृदयावर जोडली, धमनीचा दाब तिच्यावर आला, की तीही जाड होते आणि पुढं चोंदू शकते. रक्त तेच, माणूस तोच. गृहस्थांनी याचं उत्तर द्यावं.

 

मग करायचं काय? तिशीनंतर दाब मोजत राहावा, मीठ आवरावं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये. वरचा आकडा 10 नं उतरला तर लकव्याचा धोका सुमारे पाव हिश्श्यानं घटतो. सरकारी दवाखान्यात दाब मोजायला पैसे लागत नाहीत. व्याख्यान ऐकून ज्यांनी गोळी सोडली, त्यांनी वेचणी संपायची वाट पाहू नये, उद्याच जावं.