अण्णांची रॅले आणि चोर्ल्याचा उतार

मंडळी, मागच्या महिन्याच्या लेखात मी जुन्या सायकलींचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर तिघा-चौघांनी विचारलं, "आजोबांची सायकल माळ्यावर पडून आहे. विकावी की चालवावी?" याला माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नाही. माझ्याच सायकलीचं काय झालं ते सांगतो, पुढचं तुम्ही ठरवा.

आमच्याकडे अण्णांची, म्हणजे वडिलांची, रॅले आहे. काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची चाकांची. हॅण्डलखालच्या बिल्ल्यावर बगळा आणि 'नॉटिंगहॅम, इंग्लंड'. पुढे सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला निघाला आणि आपल्याकडे देशी रॅले फिरू लागल्या. आमची त्याआधीची. १९५० साली अण्णा मॅट्रिक झाले तेव्हा आजोबांनी घेऊन दिलेली, असं घरात सगळे सांगतात. वजन वीस किलोच्या आसपास. टिळकवाडीच्या आमच्या जिन्यावरून ती वर न्यायची तर दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक तरुण असावं लागतं.

गेली सहा वर्षं आम्ही सात-आठ जण दर रविवारी पोलादी सायकली घेऊन बेळगावच्या बाहेर पडतो. कुणाकडे हर्क्युलस, कुणाकडे देशी रॅले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका मित्राकडे जावयाने इंग्लंडहून आणलेली डॉज गॅलॅक्सी आहे. ही खास लांबच्या प्रवासासाठी १९७१ पासून बनवलेली सायकल. तिची नळी रेनॉल्ड्स ५३१ची, म्हणजे मँगनीज-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची. ही नळी १९३५ साली आली. जोडाजवळ जाड, मध्ये पातळ. ताण जिथे येतो तिथेच धातू. ती सायकल एकदा उचलून पाहिली की माझी रॅले म्हणजे लोखंडी पलंग वाटतो. पण पलंगाचाही एक गुण आहे. कुठे तडा गेला तर उद्यमबागेतला कुठलाही कारागीर ब्रेझिंग करून देतो, आणि अठ्ठावीस इंची टायर अजून आपल्या बाजारात सहज मिळतो. परदेशातले शौकीन हा टायर शोधत फिरतात.

मुंबईहून १९२३ साली काही पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले होते. त्यातले हकीम, बापासोला आणि भूमगरा तिघे १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. त्यांच्या सायकली पोलादीच होत्या. हे मी दर रविवारी सगळ्यांना ऐकवतो, आणि सगळे दर रविवारी ऐकून घेतात.

आता मुद्दा. पुण्याच्या एका संग्राहकाने अण्णांच्या सायकलीचे ३५,००० रुपये देऊ केले होते. अट एकच, काही बदलायचं नाही. रंग, सळ्यांचे ब्रेक, मागचा तीन गिअरचा हब, चेनची दात्री, सगळं जसंच्या तसं. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नाही.

तेवढ्यात ऑक्टोबरात आम्ही चोर्ल्याने साखळीला निघालो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला, तिथून घाट उतरून केरी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे ही सगळी उंची त्या एका उतारात जाते. अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि पाऊस आला.

सळ्यांच्या ब्रेकचं एक सांगतो. तो रिमच्या बाजूला धरत नाही. रबर खालून वर उचललं जातं आणि रिमच्या आतल्या अंगावर दाबलं जातं. कोरड्यात ठीक. पण रिम क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते, आणि त्यावर पाणी चढलं की रबर नुसतं सरकतं. अण्णांच्या काळी गावात ते चालून गेलं असेल. घाटात मी दोन्ही लिव्हर मुठीत आवळून धरले होते आणि सायकल वेग घेतच होती. समोरून वळणावर बस. मी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. गवत होतं म्हणून वाचलो. गुडघा फुटला, हॅण्डल वाकडं झालं, चष्मा सापडलाच नाही. मित्रांनी टेम्पोत घालून केरीला नेलं. बँकवाले मित्र वाटभर एक शब्द बोलले नाहीत, आणि ते फार लागलं.

घरी येऊन मी ठरवलं, एकतर ही सायकल भिंतीला टांगायची, नाहीतर तिला थांबायला शिकवायचं.

शहापुरातले आमचे मिस्त्री चाचा म्हणाले, "सर, रिम बदलू नका. पुढचा हब बदला." सोपा ब्रेक लावायचा तर पातळ ॲल्युमिनियमच्या रिम हव्यात, आणि त्यांचा व्यास वेगळा, मग टायर बदलणार, ब्रेक पोचणार नाही, एकातून दुसरं निघत जाणार. त्यापेक्षा ड्रम ब्रेकचा हब. ब्रेक पोटात असतो, पावसाचं पाणी त्याला लागत नाही. विलायती सायकलींना पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्यात चाळीस तारा असायच्या, त्यामुळे बत्तीस भोकांचा जुना ड्रम हब शोधणं आलं. तो हुबळीच्या एका शौकिनाकडे मिळाला. पैसे नकोत म्हणाला, जुनी चामड्याची ब्रूक्सची सीट मागितली. माझ्याकडे एक जादा होती. बसस्टँडवर कॅन्टीनच्या टेबलावर अदलाबदल झाली. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं.

चाचांनी चाक बांधलं, आऊट काढला. ड्रमचा दांडा चिमट्याला बांधायची पट्टी उद्यमबागेत लेथवर करून घेतली. ही पट्टी मजबूत हवी हं, ब्रेक मारला की सगळा जोर तिच्यावर येतो. मागे अठरा दात्यांची चक्री काढून बावीसची घातली. त्याने काय होतं? पुढे अठ्ठेचाळीस दाते आहेत. पहिल्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल आधी साडेचार मीटरच्या जवळपास जायची, आता साडेतीनच्या थोडी वर. चढावर गुडघ्यांना हा मीटरभराचा फरक लगेच कळतो. आणि गिअरची वायर बरोबर ताणून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. उभं राहून जोर लावताना तिथे अडकलात तर पायडल एकदम मोकळं फिरतं आणि माणूस दांडीवर आपटतो.

पुण्याच्या गृहस्थांना मी सगळं प्रामाणिकपणे कळवलं. ते म्हणाले, "अरेरे. आता मी बारा हजारांच्या वर नाही जाऊ शकत. सायकल मूळ अवस्थेत एकदाच असते." त्यांचंही चूक नव्हतं. पण मला दोन रात्री झोप आली नाही. तेवीस हजार रुपये गेले, आणि वडिलांच्या वस्तूला आपण धक्का लावला की काय, ही टोचणी वेगळीच.

धारवाडला ताईला फोन केला. सायकल तिचीही तेवढीच आहे. ती म्हणाली, "मागच्या हबवर काही आकडा आहे का बघ."

स्टर्मी-आर्चरच्या हबवर बनवल्याचं साल कोरलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या हबवर इतकं जुनं ग्रीस साचलेलं की ओव्हरऑईलिंग करतानाही मी कधी नीट पुसला नव्हता. रॉकेलचा बोळा घेऊन बसलो. अक्षरं दिसली. सायकल १९५०ची, आणि हबवर ६२.

"बासष्टच," ताई म्हणाली. "अण्णांची बदली जांबोटी रस्त्यावरच्या शाळेत झाली ना, तेव्हा बसवलेत ते गिअर. मी सात वर्षांची होते. मुंबईहून कुणीतरी पार्सल आणलं होतं. आजोबा किती चिडले होते माहितीये? म्हणाले, चांगल्या सायकलीची वाट लावलीस."

मी बराच वेळ तसाच हातात बोळा घेऊन बसलो होतो. म्हणजे ज्या 'मूळ' हबचे पैसे मला मिळणार होते, तो अण्णांनी चढ चढवेना म्हणून घातलेला. त्याच रस्त्यावर, जिथून मी चोर्ल्याला जातो.

पुण्याच्या गृहस्थांना हेही कळवलं. ते हसले. म्हणाले, "हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी पस्तीसही बोललो नसतो."

जानेवारीत पुन्हा गेलो. थंडी होती, पाऊस नव्हता, तरी कणकुंबीला थांबून मी बाटलीतलं पाणी मुद्दाम पुढच्या रिमवर ओतलं आणि थोडं पुढे जाऊन ब्रेक दाबून पाहिला. सायकल थांबली. साखळीच्या बाजारात भाजी-पाव खाल्ला. परतताना चढावर निम्मा घाट चालतच आलो, ते बावीस दात्यांनीही टळलं नाही.

काढलेला पुढचा हब, सळ्या आणि रबराचे गट्टू कुंद्याच्या एका मोठ्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलेत. पुण्याच्या गृहस्थांचा परवा निरोप आला, निदान सळ्या तरी द्याल का, त्यांच्या दुसऱ्या एका रॅलेला हव्यात. मी द्यायला तयार आहे. ताई अजून विचार करतेय.