'शाइन' आणि आपले 'चमकणे'

इंग्रजीतील 'शाइन' या क्रियापदासमोर 'चमकणे, प्रकाशणे' असे लिहून आपण मोकळे होतो आणि विद्यार्थी ते समानार्थी म्हणून पाठ करतो. वस्तुतः एका 'शाइन'चीही भूतकाळी रूपे दोन आहेत. सूर्य चमकला तर 'शोन', बूट घासून चमकवले तर 'शाइन्ड'. 'ग्लो'मध्ये ज्वाळेविना धग आहे, 'ग्लिसन'मध्ये ओल्या वा गुळगुळीत पृष्ठभागाची झळाळी, तर 'ग्लेअर'मध्ये डोळ्यांना होणारा जाच. आरंभीच्या 'ग्ल'सारख्या अर्थसूचक ध्वनिगटांना जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये 'फोनेस्थीम' ही संज्ञा दिली.

मराठी याबाबतीत दरिद्री नाही. सूर्य तळपतो, चांदणी लुकलुकते, समई तेवते, कंदील मिणमिणतो, तलवार लखलखते. कर्ता बदलला की क्रियापद बदलते. अनुवादक मात्र या साऱ्यांना सरसकट 'चमकवतो', तेव्हा शब्दच नव्हे, मूळ लेखकाचे पाहणेही पुसले जाते. म्हणून वर्गात प्रतिशब्द विचारण्याआधी काय चमकते आहे, आणि कसे, हे विचारले जावे. प्रतिशब्दांची यादी त्यानंतरच उपयोगी पडते.