‘सर्वसमावेशक’ विश्रांती

मे महिन्याची सुटी किंवा पावसाळ्यातील जोडून आलेले तीन दिवस जवळ आले म्हणजे मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून एकच विचारणा सुरू होते: सगळे धरून किती? सगळे म्हणजे खोली, न्याहारी, दोन वेळचे जेवण, चहा, पोहण्याचा तलाव, कृत्रिम पावसातील नाच आणि रात्रीचे संगीत. एकदा रक्कम भरली की पुन्हा खिशात हात घालावयास नको. कळंगूट-बागाच्या किनाऱ्यावर जाऊन हाच उपभोग घेण्याइतकी सवड नसली, तर चौक, कर्जत, खालापूर हा टापू हाताशी आहेच. समुद्र नाही, एवढेच. त्याची उणीव निळ्या फरश्यांच्या तलावाने भरून निघते, असे समजतात. ही पद्धत आम्हांस त्याज्य वाटते, आणि तसे का वाटते ते स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या पद्धतीचा उगम हीन हेतूत नव्हता, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. 1950 साली जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने माजोर्का बेटावर अल्कुडिया येथे तंबू ठोकून ‘क्लब मेडिटेरेनियन’ सुरू केला. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांस समुद्र, ऊन आणि अन्न एका ठरलेल्या रकमेत मिळावे, यात गैर ते काय? परंतु पुढे तंबू जाऊन भिंती आल्या, भिंतींस फाटक आले, आणि फाटकाबरोबर एक निराळीच मनोवृत्ती आली.

ती मनोवृत्ती वसुलीची. ज्याने सर्व पैसे आगाऊ मोजले, तो पाहुणा राहत नाही. तो वसुलीस निघालेला सावकार होतो. भूक नसता तो चौथा गुलाबजाम ताटात घेतो, आणि अर्धा टाकून उठतो. फाटकाबाहेर खर्चलेला प्रत्येक रुपया त्यास नुकसान वाटतो. बाजारात शेवळ्यांच्या जुड्या आणि करटोल्यांचे वाटे मांडून बसलेल्या बाईकडे तो ढुंकूनही पाहत नाही. कारण भाजी तर आत ‘समाविष्ट’ आहे! म्हणून आम्ही म्हणतो की, या सर्वसमावेशक व्यवस्थेतून एकच गोष्ट कटाक्षाने वगळलेली असते, आणि ती म्हणजे ज्या गावी आपण गेलो ते गाव.

चौक हे काही कोणी कालपरवा नकाशावर आणलेले ठिकाण नव्हे. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ याच गावी पडला होता. समोरचा डोंगर पाहून त्यास राहवेना. तो वर चढला, आणि त्या चढण्यातून माथेरानचे थंड हवेचे ठिकाण उदयास आले. मॅलेट परका सत्ताधारी होता. तथापि तंबूबाहेर पडून समोरचा डोंगर पाहावा एवढे कुतूहल त्यास होते. आमच्या स्वकीय बांधवांस तेवढेही नसावे काय?

आम्हीही एकदा, नातलगांच्या आग्रहाखातर, अशा एका ठिकाणी दोन दिवस काढले. खिडकीतून एक सुळका दिसत होता. सोबतच्या मंडळींस त्याचे नाव विचारले. कोणास ठाऊक नव्हते. वाढप्यास विचारले, तो बिचारा परप्रांतातून पोटासाठी आलेला, त्यासही ठाऊक नव्हते. तो इरशाळगड होता. त्याच डोंगराच्या अंगावरील इरशाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता. यंत्रे चढू शकली नाहीत. माणसांनी पावसात हातांनी माती उपसली. 27 मृतदेह हाती आले, आणि 57 माणसे बेपत्ता असतानाच चौथ्या दिवशी, 23 जुलैस, शोध थांबवावा लागला. ज्या हिरवळीसाठी आपण रक्कम मोजतो, तिच्याखाली ती माणसे आहेत. खिडकीतून जे दिसते त्याचे नावही न विचारता परत जाणे, यास आम्ही विश्रांती म्हणत नाही. ती बेपर्वाई होय.

पाण्याचीही गोष्ट तीच. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईकर पितात. याच टापूतील कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यात बायकांस हंडा घेऊन लांब चालावे लागते. त्याच उन्हाळ्यात, त्याच मातीवर, नळ्यांतून खोटा पाऊस पाडून त्याखाली नाचणे आमच्या सुसंस्कृत मनास खुपत कसे नाही?

आणि ती रात्र! ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. उघड्यावर रात्री दहापासून पहाटे सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, असे ते सांगतात. सरकारने काही मोजक्या रात्री सवलत द्यावी, एवढाच अपवाद. तरीही ‘आम्ही पैसे मोजले आहेत’ या एका वाक्यावर गाणी वाजत राहतात. बांधापलीकडे जो निजला आहे, त्यास पहाटे लावणीस उतरावयाचे असते. त्याची झोप कोणत्या रकमेत समाविष्ट धरली होती?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, यातून स्थानिकांस रोजगार मिळतो. मिळतो, हे खरे. परंतु बाजारात खर्चलेला पैसा भाजीवालीस, खानावळवाल्यास, रिक्षावाल्यास थेट पोचतो, आणि तो देताना दोन शब्दही बोलले जातात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरच्या बाईस दोन दिवस तरी चुलीपासून सुटका नको काय? अवश्य हवी, या प्रश्नापुढे आम्ही मान लववतो. पण ती सुटका गावातील साध्या घरगुती खानावळीतही मिळते. शिवाय वर्षातून दोनच दिवस तिला विसावा मिळतो, यात दोष तिच्या घरच्या पुरुषांचा आहे. त्याचे प्रायश्चित्त घरी, रोजच्या स्वयंपाकघरात घ्यावयाचे आहे, चौकास येऊन नव्हे.

कोणी सहलीच बंद कराव्यात, असे आमचे म्हणणे नाही. वाचकांनी एवढेच करावे: पुढल्या सुटीत केवळ छपरापुरते पैसे आगाऊ द्यावेत. चौक गावी उतरावे, भूक लागेल तेव्हा गावात जेवावे, मुलांस समोरच्या डोंगरांची नावे विचारावयास लावावीत, आणि दहा वाजता दिवा मालवावा. रक्कम कदाचित थोडी अधिक पडेल, ताटात पदार्थ कमी असतील. परंतु परतल्यावर ‘कोठे गेला होता?’ असे कोणी विचारले, तर सांगावयास एका गावाचे नाव असेल.