आतून लावलेली कडी

गेल्या श्रावणातील एका सकाळी, दवाखान्यात निघण्याच्या बेतात असताना, आमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला, "डॉक्टर, आई बाथरूममध्ये अडकल्या आहेत. कडी निघत नाही." अशा वेळी सुताराला बोलवावे, डॉक्टरला कशाला, असा विचार क्षणभर मनात आला, हे प्रांजळपणे कबूल करतो. जिना चढून गेलो तेव्हा चिरंजीव खांद्याने दरवाज्याला धडका देत होते, सूनबाई बाहेरून धीर देत होत्या आणि शेजारचे दोघेतिघे हातोडी शोधत होते.

काकूंचे वय 76. आत अडकून वीस मिनिटे होऊन गेली होती. सूनबाईंनी सांगितले, की पहिली दहा मिनिटे काकू आतून सर्वांना सूचना देत होत्या, रागावतही होत्या. आता मात्र त्यांचे बोलणे तुटक झाले होते. "काकू, घाबरला आहात का?" असे मी विचारले, तर उत्तर आले, "दूध उतू गेलं का?" हे भीतीचे लक्षण नव्हते. मी सूनबाईंकडे वळलो, "सकाळची मधुमेहाची गोळी झाली का?" गोळी साडेसातला झाली होती. नाश्ता मात्र आंघोळीनंतर व्हायचा होता. घड्याळात सव्वाआठ वाजून गेले होते.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, की पोटात अन्न जावे लागते. ते गेले नाही आणि त्यात कडीशी झटापट झाली, तर रक्तातील साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते आणि मग बोलण्यात गोंधळ होतो. अडकलेल्या माणसाला घाम फुटणारच, असे बाहेरच्यांना वाटते आणि खरे कारण निसटते. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू असेल, तर थरथर आणि धडधड जाणवतही नाही, केवळ घाम येतो.

दाराखाली बोटभर फट होती. चार चमचे साखर कागदात सपाट गुंडाळून मी ती पुडी फटीतून आत सरकवली आणि ठाम आवाजात एकेक गोष्ट सांगितली. "काकू, स्टुलावर बसा. पायाशी पुडी आहे. उचला. तोंडात टाका. वर नळाचं पाणी प्या." एका वेळी एकच सूचना द्यावी, गोंधळलेल्या मेंदूला दोन वाक्ये एकत्र पेलत नाहीत. पुडी उचलल्याचा आवाज येईपर्यंत बाहेर कोणी बोलले नाही. पंधराएक मिनिटांनी आतून विचारणा झाली, "दार कोण ठोकत होतं मघाशी? रंग उडेल ना!" आमचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर कडीचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. कसा, ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरांत याच्या नेमके उलट केले जाते. पावसाळ्यात लाकडी दार आणि चौकट दमट हवेने फुगतात. न्हाणीघराच्या दाराचा खालचा भाग तर बारमाही पाणी पितो. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झाले, की दार खाली उतरते ते निराळेच. असे फुगलेले वा उतरलेले दार जोर लावून बंद करून कडी सरकवली जाते. मग दार मागे येऊ पाहते, पण कडीची दांडी ते अडवून धरते आणि चौकटीतल्या भोकाच्या कडेवर घट्ट रुतून बसते. कडी बिघडलेली नसते, ती दाबाखाली असते. काकूंचे दार आत उघडणारे. चिरंजीव बाहेरून जितके आत ढकलत होते, तितकी दांडी अधिक रुतत होती! मी त्यांना मूठ धरून दार स्वतःकडे ओढायला आणि किंचित वर उचलायला सांगितले. काकूंनी नॅपकिनने हात कोरडा केला, कडीची गुंडी वरखाली दोनदा फिरवली आणि कडी सरकली.

आपण एकटेच आत असाल, तरी हेच करावे. आत उघडणाऱ्या दाराला आतून खांद्याने दाबून धरावे. बाहेर उघडणारे असेल तर आत ओढून धरावे. आणि मग कडी सरकवावी. श्वास रोखून जोर लावू नये. त्याने रक्तदाब एकाएकी चढउतार करतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तीन-चार प्रयत्नांत जमले नाही, तर कोरडे कपडे वा टॉवेल लपेटून बसून राहावे आणि हाक मारावी. ओल्या फरशीवर उभे राहून झटापट करताना पडणे, हे अडकण्याहून कितीतरी वाईट.

बाहेरच्या मंडळींनी हातोडीपूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आतला माणूस बसला आहे का? कुठे लागले आहे का? औषध कोणते घेतले, खाल्ले केव्हा? आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर काहीही विचारण्याआधी सिलिंडर बंद करावा. बंद जागेत त्या ज्योतीपासून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. आतून उत्तर येत नसेल, तर वेळ न दवडता 108 आणि अग्निशमन दलाचा 101 हे दोन्ही क्रमांक फिरवावेत. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात साखर वा पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

पडलेल्या माणसाचे शरीर अनेकदा दारालाच टेकलेले असते. आत उघडणारे दार लाथेने उघडले, तर तो आघात त्यांच्यावरच होतो. मांडीचे हाड खुब्याशी मोडले असेल, तर ओढून बाहेर काढू नये. तासन्‌तास एका कुशीवर पडून राहिलेल्या वृद्धाचे स्नायू दबून त्यांतील घटक रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. म्हणून बाहेर आल्यावर तो माणूस "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी तपासणी करावी.

घराच्या मुख्य दाराविषयीही एक सांगायचे आहे. पुष्कळ कुटुंबे जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून निश्चिंत होतात. आतून कडी लावलेली असेल, तर त्या किल्लीचा उपयोग शून्य. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी रात्री बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप लावावे आणि आतली कडी शक्यतो मोकळी ठेवावी. चोरांची भीती मी समजू शकतो. तरी माझ्या व्यवसायात मला आतून बंद असलेली दारे अधिक भेटली आहेत. दाराच्या माथ्यावरची कडी तर काढूनच टाकावी. मान मागे टाकून, हात उंचावून ती काढताना अनेकांना चक्कर येते.

कड्यांना तेल घालताना खोबरेल टाळावे, ते थंडीत गोठते आणि त्यावर धूळ बसते. शिवणयंत्राचे पातळ तेल चालते, नाहीतर दांडीवर मेणबत्ती घासावी. पावसाळ्याआधी सुताराकडून बिजागऱ्या आवळून, दाराची कड रंधून घ्यावी. मजुरी फार होत नाही. सुतार वेळेवर येणे, हा मात्र निराळा विषय.

काकूंच्या घरी त्या दिवशी मी न्हाणीघराची कडीच काढा म्हटले, तर काकू दुखावल्या. "आयुष्यभर दार लावून आंघोळ केली, आता उघड्यावर करू?" त्यांचे म्हणणे रास्त होते. वार्धक्यात पुष्कळ गोष्टी इतरांच्या हाती जातात; स्वतःचे दार स्वतः लावणे हा उरलेला थोडा मान असतो, तो सुरक्षेच्या नावाखाली हिरावून घेऊ नये. बाजारात बाहेरून नाण्याने वा स्क्रूड्रायव्हरने फिरवून उघडता येणारी कुलपे मिळतात. तसे एक बसवले. दार बाहेर उघडणारे करून घ्यायचे ठरले आहे, चौकट बदलावी लागेल म्हणून ते दिवाळीनंतर.

तोवर काकूंनी स्वतःची एक पद्धत काढली आहे. आंघोळीला जाताना त्या दाराबाहेरच्या खिळ्याला लाल रुमाल अडकवतात. रुमाल दिसला, की कोणी दार लोटत नाही आणि तो बराच वेळ तसाच राहिला, तर सूनबाई हाक मारतात. गोळी आता नाश्त्याच्या ताटलीशेजारी ठेवलेली असते, आंघोळ आटोपल्यानंतरच ती घेतली जाते. आणि न्हाणीघरातल्या कोनाड्यात, साबणाच्या वरच्या फळीवर, ग्लुकोजची एक छोटी डबी आहे. नातू ती अधूनमधून संपवतो, अशी काकूंची तक्रार आहे.