सेवापुस्तकात न मावणारी सेवा

सेवाप्रवेश, सेवाशर्ती, सेवाज्येष्ठता, सेवापुस्तक, सेवानिवृत्ती. शासकीय मराठीत ‘सेवा’ हा शब्द जागोजागी भेटतो. या प्रत्येक समासात सेवा करणारा उपस्थित आहे. ज्याची सेवा करायची, तो मात्र एकाही समासात नाही. मराठीच्या अध्यापकांनी शब्दांचा असा कीस काढावा यात नवल नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातील जे विद्यार्थी मराठी साहित्य शिकतात, त्यांतील अनेकांचे डोळे स्पर्धा परीक्षांकडे लागलेले असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली, आणि सचोटी, करुणा, नेतृत्व ही मूल्ये मार्गदर्शिकांतून पाठ करावयाची नामे होऊन बसली. सेवेची प्रेरणा ही व्यक्तीच्या अंगी असते किंवा नसते, असा सोयीस्कर समज या पाठांतरातून रुजतो. आमचा वाद या समजाशी आहे.

उदाहरण आमच्याच तालुक्यातील घेऊ. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात एक लहान मूल फलाटावरून रुळांवर पडले. त्याची आई दृष्टिहीन होती आणि समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावले, मुलाला फलाटावर ढकलले आणि काही क्षणांच्या अंतराने स्वतः वर चढले. रेल्वेने त्यांना पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली. हे चित्रण देशभर पाहिले गेले आणि ‘देवदूत’, ‘हिरो’ या विशेषणांची खैरात झाली.

शेळके यांच्या धैर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण पॉइंट्समन नेमके काय काम करतो, हा प्रश्न त्या गौरवसोहळ्यात कितीजणांनी विचारला? गाडी योग्य रुळावर वळावी, झेंडा नि बत्ती वेळेवर दिसावी, हे त्याचे रोजचे काम. ते चोख झाले म्हणजे काहीच घडत नाही. आणि जे घडत नाही त्याचे चित्रणही होत नाही. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीअखेर किती नग तयार झाले ते मोजता येते, त्यावर बोनस ठरवता येतो. न झालेला अपघात कोणत्या रकान्यात मांडणार?

अभ्यासकांनी हा प्रश्न गांभीर्याने हाताळला आहे. जेम्स पेरी आणि लॉइस वाइज यांनी १९९० मध्ये ‘लोकसेवेची प्रेरणा’ ही संकल्पना मांडली. १९९६ मध्ये पेरी यांनी तिच्या मोजमापासाठी चार अंगे धरली : धोरणनिर्मितीची ओढ, लोकहिताशी बांधिलकी, करुणा आणि आत्मत्याग. आमच्याकडील मार्गदर्शिका साधारण इथेच थांबतात. पुढची गोष्ट अडचणीची आहे. डोनाल्ड मॉयनिहॅन आणि संजय पांडे यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील आरोग्य व समाजकल्याण खात्यांतील अधिकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे लालफितीचा जाच अधिक आणि त्या संस्थेतील नोकरीची वर्षे अधिक, तिथे ही प्रेरणा कमी, असे त्यात आढळले. कार्यालयाचा हात प्रेरणेला लागतो आणि तो नेहमीच जोपासणारा नसतो, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

यावर उत्तर ठरलेले असते : धाक हवा, मुदत हवी. मुदतीचे कायदे आहेतच. २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे सांगितले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने विलंबासाठी पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली. हे कायदे आवश्यकच आहेत; नागरिकाच्या हाती हक्क असणे कुणाच्या दयेवर असण्यापेक्षा केव्हाही बरे. पण मुदत पाळण्यासाठी त्रुटी काढून अर्ज परत करणारा कारकूनही कागदोपत्री निर्दोषच ठरतो. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्येच दाखवले होते की अपुरी साधने आणि न संपणारी रांग यांच्यामध्ये उभा असलेला खिडकीवरचा कर्मचारी जे मार्ग काढतो, तेच लोकांपुरते सरकारचे धोरण असते.

हे सारे परदेशी पंडितांकडूनच शिकावे असेही नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये खालच्या कामगारांची लूट सांगितली, तशीच वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची ऐषआरामी बेफिकिरीही सांगितली, वरच्याच्या बेफिकिरीवर खालच्याची लूट पोसली जाते, ही संगती त्यांनी दाखवली. नेतृत्वाचे याहून नेमके विवेचन आमच्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शिकांत आम्हांस आढळलेले नाही. स्वतः प्रशासनात असलेल्या विश्वास पाटील यांनी ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांचे हाल लिहिले, तेही पुनर्वसनाच्या सबंध यंत्रणेला धरून. ही पुस्तके आम्ही वर्गात ‘ग्रामीण’, ‘सामाजिक’ अशी लेबले लावून शिकवतो. प्रशासनाविषयीचे ज्ञान म्हणून ती शिकवण्याची वेळ आली आहे.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले ते आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, प्रशासन आणि गावकरी यांच्या एकत्रित कामामुळे. त्या दिवसाचे एखादे नाव आज कुणाला आठवते? आठवत नाही, कारण त्या सेवेला एक चेहरा नव्हता. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र चेहराच लागतो. उद्या अधिकारी होऊ पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी आदर्शांची यादी जरूर लिहावी; पण आपल्या हाताखाली येणाऱ्या माणसातली सेवेची इच्छा विझू नये म्हणून आपण कोणता नियम बदलू, कोणता अनावश्यक कागद रद्द करू, हेही लिहावे. आणि त्या उत्तराला गुण देण्याची तयारी आम्ही अध्यापकांनी ठेवावी.