परका कोण?

"तुमचा धर्म इंग्रजांनी आणला," असे वर्गातले एक पोर परवा ख्रिस्ती सोबत्याला हिणवून म्हणाले. साफ खोटे! येशूच्या बारा प्रेषितांपैकी बर्थलमयाने हिंदुस्थानात मत्तयाचे शुभवर्तमान ठेवले, असे युसेबियसने चौथ्या शतकात लिहिले. काही पंडित ते ठिकाण कल्याण मानतात. माझा तसा हट्ट नाही. पण सहाव्या शतकात कॉस्मसने 'कल्लियाना'त, म्हणजे बहुधा कल्याणातच, इराणातून नेमलेला बिशप नोंदला आहे. तेव्हा इंग्रज कोठे होते? पहिल्या शतकात आमच्याकडच्या तेरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरी जाई. कापड गेलेले चालते, मग धर्म आलेला का खुपावा? यंदा फराळाचे पहिले ताट त्या पोराच्या घरी जाऊ द्या.